उंबऱ्यावरची मोजणी

दिवस कलला की माझी धाकटी बहीण उंबऱ्यावर येऊन बसायची. मग तपासणी झाल्याशिवाय आमच्या घरात कुणालाच प्रवेश नसे. शेतातून आलेले आमचे वडील आप्पा असोत, डोक्यावर सरपण घेतलेली आई असो, नाहीतर शाळेतून उंडारत आलेली मी असो, प्रत्येकानं तिच्यापुढं वाकायचं, आपली खूण तिच्या हाताला लागू द्यायची आणि मगच आत जायचं. आप्पांचा डावा अंगठा अर्धाच होता, कडबा तोडताना गेलेला. ती तो मुठीत धरून बघायची. आईच्या मनगटावरच्या बांगड्या चाचपायची. माझ्या उजव्या कानाची पाळी फाटकी होती, ती ओढायची, आणि कारण नसताना जोरात ओढायची. ती पाळी फाडलीही तिनंच होती, रांगत होती तेव्हा माझ्या कानातली बाळी ओढून. "सोताच खूण केली आन् आता सोताच तपासती," असं आई म्हणायची.

एकदा ग्रामसेवक काही विचारायला घरी आले. इस्त्रीचे कपडे, बगलेत पिशवी. धाकटीनं त्यांचं धोतर धरलं आणि सोडेना. शेवटी आबा, म्हणजे माझे आजोबा, म्हणाले, "वाका सायेब, त्याबिगर सुटका न्हाई." ते वाकले. तिनं त्यांच्या मिशा नीट चाचपल्या, दोन्ही टोकं ओढून खात्री केली आणि बाजूला सरकली. त्यांनी आमच्या घरी चहा घेतला की नाही ते आठवत नाही, पण पुढं ते आले की दाराबाहेर उभं राहूनच बोलत.

सगळे आत आले की ती उठायची आणि चुलीपुढं बसून ताटली पुढं करायची. एक जण जरी बाहेर असला तरी ताटली हलायची नाही. आप्पा शिरूरच्या बाजाराला गेले आणि त्यांची एस.टी. चुकली की घरात सगळ्यांच्याच पोटात कावळे ओरडत, कारण तिला सोडून जेवायचं आईच्या जिवावर यायचं.

ती पाच वर्षांची असताना गोवरानं तिचे डोळे आणि कान दोन्ही नेले होते. हे वाचून लगेच कुणी हळहळू नये. हळहळणारी माणसं आमच्या आईला खपत नसत आणि मी तोंडानं आणि स्वभावानं आईवर गेले आहे.

आमचं गाव शिरूरपासून दोन कोसांवर, घोड नदीच्या अंगाला. आम्ही धनगर. आबा तरुणपणी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. आप्पांनी शेती धरली आणि आबांपाशी थोडकी मेंढरं उरली. तेवढ्यांवरही ते मोठा कळप असल्यासारखेच ओरडायचे.

सत्तर-एकाहत्तरचं साल असावं. मी दुसरीत होते. गोवर आधी मला आला. अंगभर पुरळ उठलं, ताप आला, डोळे लाल झाले आणि मी बरी होऊन बोरं खायला बाहेर पडले. मग तो धाकटीला आला. एकाच घरात, एकाच घोंगडीवर आलेला गोवर मला नुसता शिवून गेला आणि तिचं एवढं घेऊन गेला. याचा जाब कुणाला विचारायचा ते मला अजून कळलेलं नाही.

गोवर म्हणजे देवी घरी आली, असं आमच्याकडं मानत. दारावर कडुनिंबाचा डहाळा लागायचा, अंथरुणाखाली निंबाचा पाला. घरात फोडणी बंद, तेल-तूप बंद, वहाणा घालून आत यायचं नाही. खोलीत उजेड येऊ द्यायचा नाही, कारण गोवराच्या पोराला उजेड सोसत नाही. आणि मोठ्यानं बोलायचं नाही, कारण आलेल्या बाईला गलका आवडत नाही. म्हणून आईनं खिडकीला पोतं लावलं, दाराला लुगडं लावलं आणि सगळं घर कुजबुजायला लागलं. मला तर त्या दिवसांत गंमतच वाटायची. आप्पासुद्धा भाकरी मागायची तर चोरासारखे मागायचे.

धाकटीला माझ्यापेक्षा जास्त ताप होता. मान दुखते म्हणायची, ओकायची. मग काही दिवसांनी ताप उतरला आणि ती चिडचिड करायला लागली. "आई, मोठ्यानं बोल की," म्हणायची. आई तिच्या कानाशी वाकून आणखी हळू म्हणायची, "गप, बाय, बाईला गलका चालत न्हाई." ती पुन्हा म्हणायची, "बोल की." मग आई मला म्हणाली, "आजारपणात लई लाडावली."

उजेडाची तर गोष्टच नव्हती. अंधारच होता, तेव्हा तिला दिसत नाही हे कळणार कसं? अंधारात तिला दिसत नव्हतं आणि कुजबुजीत तिला ऐकू येत नव्हतं, आणि आम्ही सगळे रीत पाळत होतो. पाळली नसती तर तिचं दुखणं टळलं असतं असं नाही, पण निदान कळलं तरी असतं.

देवीला निरोप द्यायच्या दिवशी आईनं दहीभाताचा नैवेद्य केला, निंबाच्या पाण्यानं धाकटीला न्हाऊ घातलं आणि भर दुपारी तिला अंगणात आणून उभी केली. ऊन डोक्यावर होतं. धाकटीनं तोंड वर केलं, डोळे उघडे ठेवले आणि म्हणाली, "आई, दिवा लाव की."

"आगं, दुपार हाय," आई म्हणाली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली.

"दिवा लाव की," धाकटी पुन्हा म्हणाली, आणि या खेपेला ओरडून, कारण तिला वाटलं आईला ऐकू गेलं नाही.

आईच्या हातात तांब्या होता. आबांनी तो काढून घेतला, धाकटीच्या मागं जाऊन उभे राहिले आणि दगडानं तांब्या बडवला. वाघरीतली, म्हणजे जाळ्यांच्या कुंपणातली मेंढरं उधळून एका कोपऱ्याला गेली. धाकटी तशीच उभी होती, दिवा लागायची वाट बघत.

शिरूरच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि पुण्याला न्यायला सांगितलं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आप्पांना बाकावर बसवून नीट समजावून सांगितलं. गोवराचा ताप डोक्यात चढला, मेंदूवरच्या आवरणाला सूज आली आणि कानाच्या नसा कायमच्या गेल्या. डोळ्यांच्या बुबुळांना जखमा झाल्या, त्या चिघळून फुलं पडली. पोरीच्या अंगात आधीच कस कमी असला, दूध-भाजी पोटात नसली की गोवर डोळ्यांवर असा उतरतो. आप्पांनी विचारलं, "आदी आनली आसती तर?" त्या म्हणाल्या, "डोळे कदाचित राहिले असते. कानांचं नाही सांगता येत."

घरी आल्यावर आईनं हाच प्रश्न विचारला. आप्पा म्हणाले, "आदी आनून बी कायच झालं नसतं, आसं बाई म्हनल्या." खरं काय ते त्यांनी मला सांगितलं, पण आई गेल्यावर. आप्पा आयुष्यात एवढं एकच खोटं चांगलं बोलले. बाकी खोटं बोलायला गेले की लगेच पकडले जायचे.

नंतर शाळा शोधायच्या खटपटी झाल्या. आंधळ्यांच्या शाळेत म्हणाले, हिला ऐकू येत नाही, शिकवायचं कसं? मुक्याबहिऱ्यांच्या शाळेत म्हणाले, हिला दिसत नाही, शिकवायचं कसं? आप्पा दोन्हीकडं हात जोडून परत आले. गावातल्या बाया येऊन "कोप झाला, काय चुकलं व्हतं गं?" असं विचारायच्या. आई त्यांना म्हणायची, "चुकलं आमचंच. तुमाला बसायला घोंगडी टाकली." अशा दोघी-चौघी झाल्यावर बाया यायच्या थांबल्या.

धाकटी मात्र त्या दिवसांत एका कोपऱ्यात बसून असायची. कुणाचा हात लागला की दचकायची, कारण तो हात कुणाचा ते तिला कळायचं नाही. हाक मारायची, "आई," आणि आई शेजारीच बसलेली असायची.

वाट काढली ती आबांनी. त्यांना मेंढरांपलीकडं काही येत नव्हतं, म्हणून त्यांनी मेंढरांचंच केलं. मेंढराला नाव नसतं, त्याच्या कानाला खाच पाडून खूण करतात. ते म्हणाले, "मेंढरू काय मला नाव सांगतं व्हय? मी खुणंनं वळखतो. हिला बी खुणा द्या." मग त्यांनी तिचा हात धरून घरभर फिरवला. आईचं मनगट, आप्पांचा अंगठा. माझ्यापाशी आले आणि हसले. "हिच्या कानाला खाच हायच," म्हणाले. स्वतःची खूण म्हणून त्यांनी तिचा हात आपल्या हनुवटीच्या खुरट्या दाढीवर घासला. तेवढ्यात ती हसली, दुखण्यानंतर पहिल्यांदा. "आबा," म्हणाली.

मग या खुणांना आणखी खुणा जोडल्या गेल्या. तिच्या दंडापासून बोटांपर्यंत हात फिरवला की "गेला", बोटांपासून दंडाकडं फिरवला की "आला". आधी अंगठा धरायचा आणि मग दंडापासून खाली हात न्यायचा, म्हणजे आप्पा गेले. संध्याकाळी आप्पांनी तिच्या बोटांपासून वर उलटा हात फिरवायचा, म्हणजे आले. गेलेलं माणूस येतं, हे तिला त्यातूनच कळलं आणि ती दचकायची थांबली.

संध्याकाळी आबा मेंढरं वाघरीत घ्यायचे तेव्हा एका फटीतून एकेक मेंढरू आत सोडायचे आणि प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवायचे. आता त्यांच्या हाताखाली धाकटीचा हात असायचा. एखादं कमी भरलं की आबा काठी घेऊन पुन्हा बाहेर पडायचे. "एक बी भाईर आसंल तर भाकर गिळत न्हाई," असं त्यांचं नेहमीचं म्हणणं. धाकटीनं ते हातानंच शिकून घेतलं आणि मेंढरं आत घेऊन झाली की माणसं मोजायला उंबऱ्यावर बसायला लागली.

आणखी एक खूण आबांनीच शिकवली. एक कोकरू मेलं होतं. आईनं ते लपवायला सांगितलं, पण आबांनी धाकटीचा हात त्या गार, ताठ पडलेल्या कोकरावर ठेवला. चांगला वेळ ठेवू दिला. मग खड्डा काढला, तिच्या हातानं माती लोटली आणि दोघांनी मिळून तळहातानं माती थोपटली. त्यानंतर जमीन थोपटणं म्हणजे मेलं, ते येत नाही, असं ठरलं. धाकटी तर ही खूण सढळ हातानं वापरायची. कोंबडीचं पिल्लू मेलं तर थोपटायची, माझी पाटी फुटली तर थोपटायची, डब्यातला गूळ संपला तरी डबा उपडा करून जमीन थोपटायची. गूळ बहुतेक वेळा तिनंच संपवलेला असायचा. गुळाचा डबा आईनं कुठंही ठेवला तरी ती नाकानं हुडकायची. मी एकटीनं काही खाल्लं तर माझं तोंड हुंगायची आणि मला चापट मारायची.

बोलणं तिचं हळूहळू झिजत गेलं. पाच वर्षांच्या पोरीजवळ असतील तेवढेच शब्द, आणि तेही दरसाल जरा आणखी बोबडे. परक्याला काहीच कळत नसे. आम्हाला सगळं कळायचं, भांडणसुद्धा.

बहात्तरच्या दुष्काळात बरीचशी मेंढरं गेली. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आबा गेले. सकाळी उठलेच नाहीत. घरात माणसं जमली, रडारड झाली, आणि कुणीतरी मोठ्या शहाण्यानं सांगितलं की पोरीला मढ्याजवळ नेऊ नका, आधीच तिच्यावर एवढं होऊन गेलंय. तिला शेजारच्या घरी नेऊन बसवलं. आमच्यात पुरतात. आमच्याच शेताच्या बांधाला आबांना पुरलं आणि वर एक दगड ठेवला. संध्याकाळी ती घरी आली आणि उंबऱ्यावर बसली.

आम्ही सगळे आत गेलो. तिनं आबांच्या हनुवटीच्या उंचीला हात धरला आणि तसाच ठेवला. बराच वेळ झाला. आईनं जवळ जाऊन तिचा हात तिच्याच हनुवटीवर घासला आणि दंडापासून बोटांपर्यंत हात फिरवला. आबा गेले. माती थोपटायचा आईचा धीर झाला नाही. गुळाला आणि पाटीला वापरलेली खूण आबांना कशी वापरायची? मलाही झाला नाही, आप्पांनाही नाही.

आता, "गेले" म्हणजे तिच्या लेखी बाजाराला गेले. आप्पा गेले की येतात, आई गेली की येते. ती बसून राहिली. त्या दिवशी जेवली नाही, दुसऱ्या दिवशी जेवली नाही. तिसऱ्या दिवशी आईनं घास तोंडात कोंबला, तो तिनं थुंकला. अंगात ताप भरला. गोवरानंतर एवढी घाबरलेली आई मी कधी पाहिली नव्हती. शेवटी आबांची घोंगडी तिच्या अंगावर टाकली, ती तिनं तोंडावर ओढून घेतली आणि आत थोडं दूध प्याली. पुढं हळूहळू जेवायला लागली, पण मोजणी झाली की तो हात थोडा वेळ तसाच वर राहायचा. मग ती उठायची. रोज.

अशी दोन वर्षं गेली आणि मी सातवी पास झाले. गावातली शाळा तिथंच संपत होती. दौंडला माझे मामा रेल्वेत कामाला होते, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचे. मामा म्हणाले, पोरीला आमच्याकडं धाडा, आठवीला घालतो. मला जायचं होतं. पण धाकटी जेवेल का, हा एकच प्रश्न घरात होता आणि तो कुणी तोंडानं काढत नव्हतं.

आई म्हणाली, "ती झोपलेली आसंल तवाच पहाटंच्या एस.टी.नं जा. उगं तिच्या म्होरं आकांत नको."

मी चिडले. मी म्हटलं, "आबांचं केलं तसं माझं करायचं न्हाई. मी मेले न्हाई, शाळेला चाललेय."

आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला, कारण अभद्र बोलले. मग चुलीपुढं बसून रडायला लागली. आप्पा बाहेर सगळं ऐकत होते. आत येऊन म्हणाले, "तिला बी घिऊन जाऊ. कुठं चालली ती जागा तिच्या हाताला दावू. मग म्या तिला माघारी आनतो." त्यांना असं पटकन काही सुचल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

न्हावरा, चौफुला करत एस.टी.नं दौंड गाठलं. धाकटीनं वाटेत शेजारच्या बाईच्या डालग्यातल्या कोंबड्या तपासल्या आणि कंडक्टरच्या पिशवीत हात घातला. मामांचं घर रुळांच्या अगदी जवळ होतं. आम्ही आत जाऊन बसतोय तोवर एक मालगाडी आली. फळीवरची भांडी किणकिणायला लागली, जमीन थरथरली. धाकटीनं किंचाळून दोन्ही पाय वर घेतले आणि माझ्या अंगावर चढली. मामी अंगानं थोराड आणि हसरी. तिनं धाकटीला मांडीवर ओढलं, तिचा तळहात भिंतीला लावला आणि गाडी जाईपर्यंत धरून ठेवला. थरथर थांबल्यावर धाकटीनं पुन्हा भिंत चाचपली. मग खाली उतरली आणि जमिनीवर टाच आपटायला लागली, आणखी हवं म्हणून. गाडी काही हुकमानं येईना. आली तेव्हा तिनं ती आपणच आणली असं समजून टाळ्या पिटल्या. मामी म्हणाली, "आता हितनं ही जायाची न्हाई."

मग मी तिला माझं सगळं दाखवलं. खाटेवर झोपून तिला माझा कान ओढायला लावला. खाटेखाली माझी पत्र्याची पेटी सरकवली, तिच्या हातानं परकर त्यात ठेवले. शाळेच्या फाटकाला तिचा हात लावून आणला. पुन्हा घरी आणून माझा कान, मग दंडापासून खाली हात, मग टाच आपटून खाट. मी इथं. जमीन हलते तिथं. हे सारं सकाळपासून इतक्यांदा केलं की मामा म्हणाले, "आगं, आता मला बी पाठ झालं."

तिला कळलं ते एवढंच की पेटी ठेवली म्हणजे मी राहणार. तिनं पेटी खाटेखालून ओढली आणि दाराकडं न्यायला लागली. मी ती परत सरकवली. तिनं पुन्हा ओढली. तिसऱ्या खेपेला आम्ही दोघींनी पेटीवर आडव्या पडून मारामारी केली आणि ती माझ्या दंडाला चावली. आप्पांनी तिला कडेवर घेऊन एस.टी.त बसवलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आणि तिचे पाय त्यांच्या गुडघ्याखाली लोंबत होते.

दौंडमधले पहिले दिवस मला अजिबात गोड लागले नाहीत. दिवस कलला की माझा घास तोंडात फिरायचा. मामीला वाटायचं तिच्या हाताची चव मला आवडत नाही, म्हणून ती आणखी तिखट घालायची. गाडी गेली, भांडी वाजली की मला उंबऱ्यावर बसलेली धाकटी दिसायची आणि वर धरलेला तिचा हात.

महिनाभरानं आप्पा आले. त्यांनी पिशवी खाली ठेवायच्या आत मी विचारलं, "जेवती का?"

आप्पांना कुठलीही गोष्ट सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय राहवत नाही. आधी एस.टी.चं सांगितलं, मग पावसाचं. मग म्हणाले, "पयल्या दिवशी समदी आत आलो. तिनं हात धरला वर. म्या म्हनलं, झालं, आता पुन्ना त्येच. तुजी आई तोंड फिरवून बसली. तर तिनं आपला कान वढला. मग टाच आपटली, धाड धाड धाड, आन् उठून आत आली. ताटली म्होरं केली."

"आन्?"

"आन् काय? दोन भाकरी खाल्ल्या. तुज्या वाटची बी खाल्ली."

मी मोरीत जाऊन रडले. बाहेर आल्यावर मामीनं वाढलेली आमटी दोनदा मागून घेतली, आणि मामी तेव्हापासून तिखट कमी घालायला लागली.

दिवाळीत मी गावी गेले. संध्याकाळची वेळ होती. धाकटी उंबऱ्यावर होती आणि मी मुद्दाम आवाराच्या कडेला उभी राहून बघत होते. आई आत गेली, आप्पा गेले. तिनं हात वर धरला, मग कान ओढला, टाच आपटली आणि उठायला लागली. माझ्याविना तिचं इतकं सुरळीत चाललेलं बघून मला जरा रागच आला. मी पुढं होऊन तिच्या हाताखाली माझा कान घातला.

तिनं पाळी धरली. सोडली. पुन्हा धरली. मग माझं तोंड हुंगलं, केस हुंगले, दंडावरचा स्वतःच्या दातांचा वण शोधून काढला आणि मला एक सणसणीत चापट मारून गळ्यात पडली. मी तिच्या बोटांपासून दंडाकडं हात फिरवला. आले. ती हसली. मग एकदम थांबली. माझा हात धरून तो स्वतःच्या हनुवटीवर घासला आणि टाच आपटली. धाड धाड धाड. आणि हात पुढं करून माझ्या उत्तराची वाट बघत बसली.

आबा दौंडला आहेत का, असं ती विचारत होती. मी जमीन हलते तिथं गेले आणि आले. मग आबाही तिथंच असणार. दोन वर्षं ते कुठं होते ते तिला आता कुठं कळलं होतं, आणि आता ते कधी येणार एवढंच राहिलं होतं. तिच्या तोंडावर इतका आनंद होता की मला तिच्याकडं बघवेना.

मी आईकडं पाहिलं. आई दारात उभी होती. पायरी उतरून आली, धाकटीला हाताला धरलं आणि शेताकडं चालायला लागली. मी मागोमाग गेले. बांधाला आल्यावर आई दगडापाशी खाली बसली. तिनं धाकटीचा हात आधी हनुवटीवर घासला. मग तो जमिनीवर आणून मातीवर ठेवला आणि वरून स्वतःच्या हातानं थोपटलं. एकदा. पुन्हा एकदा.

धाकटीनं हात ओढून घेतला. माझ्याकडं वळून माझा कान शोधला. घरात एखाद्याच्या बोलण्यावर भरवसा नसला की ती दुसऱ्याला विचारायची. मी तिच्या हनुवटीवर हात घासला आणि माती थोपटली. मग तिनं दगड चाचपला. त्याच्यापासून पुढं मातीवर हात फिरवत गेली, आबा जेवढे उंच होते तेवढं अंतर, आणि तिथं थांबली. "आबा," म्हणाली. तिच्या बोबड्या शब्दांतला हा एकच अजून साफ होता. ती रडली, आम्ही दोघीही रडलो. तिला जवळ घेतलं तेव्हा तिनं घेऊ दिलं.

घरी आलो तेव्हा आप्पा उंबऱ्याच्या आत बसले होते. धाकटीनं त्यांना उठवून बाहेर काढलं. पुन्हा पहिल्यापासून मोजणी झाली. आप्पांचा अंगठा, आईचं मनगट, माझा कान. मग तिनं हनुवटीवर हात घासला, उंबरा थोपटला आणि हात खाली घेतला. वर धरला नाही. आत येऊन ताटली पुढं केली, आणि माझ्या ताटातला गूळ उचलून आपल्या तोंडात टाकला.